चौलचे दहा हजार मुसलमान आणि अस्सल पुराव्याचा शोध



आपल्या किनाऱ्यावर मुसलमान केव्हा आले, कसे आले आणि इथल्या इतर समाजांबरोबर कसे राहिले, हा प्रश्न प्रत्येक मोहल्ल्यात कधी ना कधी निघतोच. उत्तरेही तयार असतात. कोणी म्हणतो, आपण सारे अरब व्यापाऱ्यांचे वंशज. कोणी म्हणतो, हे लोक तलवारीच्या जोरावर आले. अलीकडे तर मोबाईलवर रोज एक नवे उत्तर येऊन पडते. त्यात कधी आपली वारेमाप स्तुती असते, कधी निंदा. मात्र हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि कशाच्या आधारे लिहिले, एवढे सोडून बाकी सर्व त्यात असते.

हदीसच्या विद्वानांनी हा प्रश्न फार पूर्वी विचारला होता. गोष्ट कितीही चांगली वाटो, ती कोणी कोणाकडून ऐकली, ही साखळी म्हणजे 'इस्नाद' तपासल्याशिवाय ते ती स्वीकारीत नसत. इतिहासाची रीतही याहून फारशी निराळी नाही. घटना घडली त्या काळातल्या माणसाने लिहिलेले प्रवासवर्णन, कोरलेला ताम्रपट किंवा शिलालेख, दरबारचे पत्र, काझीची सनद, यांना इतिहासकार अस्सल साधने म्हणतात. बाकीचे सर्व ऐकीव.

पूर्वी ही साधने पाहायची म्हणजे मुंबई, पुणे, दिल्ली गाठावी लागे आणि काही कागदांसाठी थेट लंडन. मुरूड-श्रीवर्धनच्या विद्यार्थ्याला ते परवडणारे नव्हते. आज जुन्या ग्रंथांची आणि दप्तरांची पाने छायाचित्रांच्या रूपाने घरबसल्या पाहता येतात. १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'इंटरनेट आर्काइव्ह'वर लाखो जुनी पुस्तके विनामूल्य आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' आहे. ब्रिटिश लायब्ररीतील आखाती प्रदेशाविषयीची दप्तरे व अरबी हस्तलिखिते २०१४ पासून 'कतार डिजिटल लायब्ररी'वर येत आहेत. यांचा उपयोग कसा करावा, हे आपल्याच जिल्ह्यातील एका उदाहरणाने पाहू.

अरब प्रवासी अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६-१७ मध्ये, सैमूर या बंदरात आला होता. सैमूर म्हणजे रेवदंड्याजवळचे आपले चौल. त्याचा 'मुरूज अज-जहब' हा ग्रंथ पॅरिसमध्ये १८६१ ते १८७७ या काळात नऊ खंडांत छापला गेला. मूळ अरबी आणि सोबत फ्रेंच भाषांतर, अशी त्याची मांडणी आहे. दुसऱ्या खंडात तो लिहितो, की सैमूरमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले लोक होते आणि 'बयासिरा'ही होते. बयासिरा म्हणजे हिंदुस्थानच्या भूमीत जन्मलेले मुसलमान, असा अर्थही तो देतो. त्यांच्या प्रमुखाचे नाव अबू सईद मारूफ बिन जकरिया. आपापसांतील प्रकरणे त्याच्याकडे नेली जात. राज्य होते बल्हाराचे, म्हणजे राष्ट्रकूटांचे, आणि त्यांच्या वतीने येथे झंझ राजा कारभार पाही. हा शिलाहार राजा ताम्रपटांतूनही आपल्याला ठाऊक आहे.

आता शंका काढा. दहा हजार हा आकडा त्याने मोजला का? शक्य नाही, तो अंदाज आहे. ग्रंथ केव्हा लिहिला? हिजरी ३३२ मध्ये, म्हणजे भेटीनंतर जवळजवळ अठ्ठावीस वर्षांनी. तेव्हा आकड्याला चिकटून बसू नये. पण मोठी वस्ती होती, तिचा स्वतःचा प्रमुख होता आणि राजा हिंदू होता, हे तो प्रत्यक्ष पाहणारा सांगतो. दुसरा साक्षीदारही आहे. बुजुर्ग बिन शहरयार या नाखव्याच्या 'अजाइब अल-हिंद' या दहाव्या शतकातील पुस्तकात सैमूरच्या मुसलमानांचा प्रमुख अब्बास बिन माहान याचा उल्लेख असून त्याच्या पदाला 'हुनरमन' म्हटले आहे. मसूदीच्या नकलांमध्ये हा शब्द बिघडलेला आढळतो. दोन ग्रंथ शेजारी ठेवले की त्याचा उलगडा होतो.

तिसरा साक्षीदार अरब नाही आणि मुसलमानही नाही. पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेला शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा संस्कृत ताम्रपट डॉ. दिनेशचंद्र सरकार यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या ३२ व्या खंडात प्रसिद्ध केला. त्यात संजाण प्रांताचा अधिकारी म्हणून ताजिक, म्हणजे अरब, वंशाच्या मधुमती सुगतिप याचे नाव येते. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप. राष्ट्रकूट राजाने नेमलेल्या या अधिकाऱ्याने नद्यांवर मोफत तर चालू केली आणि अन्नछत्र काढले, असे लेख सांगतो. एवढेच नव्हे, तर एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठाला त्याच्या कारकिर्दीत, राजाच्या संमतीने, जमीन दान दिली गेली. देवीचा नैवेद्य त्यातून व्हावयाचा होता.

वाचकहो, मसूदीची भेट आणि हा ताम्रपट यांत जेमतेम दहा वर्षांचे अंतर आहे. एकाची भाषा अरबी, दुसऱ्याची संस्कृत. एकमेकांची ओळखही नाही. तरी दोघे एकाच किनाऱ्याचे एकच चित्र दाखवितात. हिंदू राजाच्या राज्यात मुसलमान विश्वासाच्या जागी होते आणि दोन्हीकडची धर्मस्थळे चालू होती. याला पुरावा म्हणतात. शंभर भाषणांनी जे होत नाही, ते या दोन पानांनी होते.

धर्मविचारांच्या बाबतीतही हेच आहे. माहीमचे मखदूम फकीह अली (निधन हिजरी ८३५) यांचा उरूस सर्वांना ठाऊक आहे. कोकणी मुसलमान त्यांना आपले मानतात, त्यांच्या करामती सांगतात. परंतु त्यांनी कुरआनवर 'तबसीर अर-रहमान' ही अरबी तफसीर लिहिली, हे किती जणांना माहीत आहे? ती कैरोच्या बुलाक छापखान्यात हिजरी १२९५ मध्ये छापली गेली. प्रत्येक सूरेच्या आरंभी येणाऱ्या बिस्मिल्लाहचा अर्थ त्या त्या सूरेच्या विषयाला धरून निराळा उलगडणे, हे तिचे वैशिष्ट्य. अरबी शिकलेला आपला मुलगा किंवा मुलगी दोन सूरांची पाने समोर ठेवून हे स्वतः पडताळू शकते. बुजुर्गांचा आदर करण्याची याहून चांगली तऱ्हा कोणती?

आता थोडे अप्रियही बोलू. साधनांकडे जायचे तर आपल्याला न आवडणारे कागदही वाचावे लागतात. १७२७ मध्ये सिद्दी सात याने चिपळूणजवळचे परशुरामाचे देवस्थान उद्ध्वस्त केले, ही घडलेली गोष्ट आहे. ती झाकू नये. पण त्याच कागदांत पुढे जाऊन पाहिले, तर १७३३ च्या जंजिरा मोहिमेत पेशव्यांनी सिद्दी अब्दुल रहमान याचा पक्ष घेऊन दुसऱ्या सिद्दींशी लढाई केली, हेही दिसते. म्हणजे ते केवळ धर्मयुद्ध नव्हते. किल्ले, महसूल आणि गादीचा वारसा यांचा तो झगडा होता. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड देवनागरीत छापले. त्यांत या मोहिमेची पत्रे आहेत.

या पत्रांत एक मौज आहे. त्या काळच्या मराठी कागदांवर 'अर्बा सलासीन मया व अलफ' अशी वर्षे येतात. मक्तबात अरबी आकडे शिकलेले मूल लगेच सांगेल : चार, तीस, शंभर आणि हजार, म्हणजे ११३४. या सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळविले की इसवी सन निघतो, येथे १७३३. शाळेतील मराठी आणि मक्तबातील अरबी या दोन्ही किल्ल्या ज्यांच्या हाती आहेत अशी मुले महाराष्ट्रात थोडी आहेत. ती आपल्या घरात आहेत, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

काही खबरदारी मात्र हवी. पहिली, नावांची. 'चौल' एवढेच शोधाल तर मसूदी सापडणार नाही. संस्कृतात चेमूल्य, ग्रीकांत सेमिल्ला, अरबीत साद, ये, मीम, वाव, रे अशा अक्षरांचे सैमूर, अशी सर्व रूपे शोधावीत. दुसरी, निवडक उताऱ्यांची. इलियट आणि डाउसन यांचे आठ खंड (१८६७-७७) सहज मिळतात. पण इंग्रजी राज्याचे फायदे प्रजेला पटावेत, हा हेतू इलियटने स्वतःच लिहून ठेवला होता. त्याने काय निवडले आणि काय गाळले, हे मूळ ग्रंथ पाहिल्याशिवाय कळत नाही. तिसरी, यंत्राची. संगणकाने केलेले भाषांतर किंवा दिलेले उत्तर फक्त वाट दाखविण्यापुरते समजावे आणि छापील पानाचे चित्र डोळ्यांनी पाहावे. पुस्तक, खंड, पान आणि साल वहीत टिपल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. कोणत्याही संकेतस्थळावर नसलेला इतिहास आपल्या माळ्यावरच्या पेट्यांत आहे. मशिदीच्या इनामाच्या सनदा, वक्फनामे, निकाहाच्या नोंदी, जंजिरा संस्थानचे मोडी व फारसी कागद. खारी हवा, पावसाळा, वाळवी आणि कसर त्यांना रोज खात आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने असंख्य घरांची कौले आणि पत्रे उडविले. अशा एका दुपारी पेटीतला कागद भिजून त्याचा लगदा होतो आणि तो पुन्हा मिळत नाही.

तेव्हा एवढे करावे. कागद जपून उलगडून सावलीच्या उजेडात दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. शिक्के आणि समासही सोडू नयेत. कागद कोणत्या घरातला, कोणाकडून आला, हे लगेच लिहावे. चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकमध्ये कायमचा बंद करू नये. छायाचित्रे निदान तीन ठिकाणी ठेवावीत. घरगुती बाबींचे कागद घरच्यांच्या परवानगीवाचून कोणास पाठवू नयेत.

या वर्षी प्रत्येक मोहल्ल्यातील चार विद्यार्थ्यांनी मिळून एक पेटी हाती घेतली तरी पुरे आहे. मसूदी येऊन गेला म्हणून चौलचे दहा हजार लोक आज आपल्याला ठाऊक आहेत. आपल्या आजोबा-आजीविषयी लिहायला कोणी मसूदी येणार नाही. ते काम आपल्यालाच करावे लागेल.