सही झाल्यावर आलेले प्रश्न

‘ताई, आज्याच्या नावाला कंस पडलाय. जमीन गेली का?’

खेडच्या कोर्टात वकिली सुरू केली तेव्हा हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जायचा. गावाचं नाव राजगुरुनगर होऊन कितीतरी वर्षं झाली, पण पक्षकाराच्या तोंडी अजून खेडच आहे. पिशवीतून घड्यांवर चिरलेला, तलाठ्याच्या हातचा सातबारा निघायचा. कब्जेदाराच्या रकान्यात आज्याचं नाव, त्याभोवती कंस, शेजारी गोलात फेरफाराचा नंबर. कंस म्हणजे नाव कमी झालं, एवढं शेतकऱ्याला ठाऊक असतं. का कमी झालं ते सातबारा सांगत नाही. त्यासाठी त्या गोलातल्या नंबराची नोंद, म्हणजे गाव नमुना सहा, काढावी लागते. तिथे कधी वारसाची नोंद सापडते, कधी वाटप, कधी खरेदीखत, तर कधी ज्याच्याविषयी घरात कोणी चकार शब्द काढलेला नसतो असं गहाणखत.

माझे वडील खेडच्याच कचेरीबाहेर दस्तलेखक होते. ‘लिहून घेणार’ आणि ‘लिहून देणार’ यांच्यामध्ये त्यांचं आयुष्य गेलं. त्यांना लोक जे विचारत आणि मला जे विचारतात, ते शेजारी शेजारी ठेवलं की भोसरीपासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्याचा इतिहास दिसतो. कारखान्यांच्या उद्घाटनांच्या फोटोंत तो सापडायचा नाही.

वडिलांच्या उमेदीच्या काळातला प्रश्न होता कुळाचा. 1948 चा कूळकायदा आणि 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो कायद्यानं तिचा मालक मानला गेला. मालक विचारायचा, ‘कूळ निघेल का?’ कूळ त्या कायद्याचं कलम धरून विचारायचं, ‘बत्तीस-ग ची किंमत भरली, आता नाव लागेल ना?’ बरेच जण किंमत भरून गप्प बसले, बत्तीस-म चं प्रमाणपत्र घ्यायला गेलेच नाहीत. एका कागदाचा आळस, एवढंच तेव्हा वाटलं असेल. पण पिंपरीत 1954 सालीच हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली होती, पुढे 1961 साली औद्योगिक विकासाचा कायदा झाला आणि 1 ऑगस्ट 1962 ला एमआयडीसी स्थापन झाली. मोबदला देताना सरकार सातबारा बघतं. कोणाच्या घरात पैसा जाणार हे बऱ्याच गावांत त्या आधीच्या नोंदींनी ठरवून टाकलं होतं. कसणारा एक आणि नाव दुसऱ्याचं, अशी घरं मी आजही बघते.

वतनाच्या जमिनींचं दुखणं याहून खोल आहे. 1958 च्या कायद्यानं महार वतनासारखी कनिष्ठ गावकामगार वतनं संपली आणि जमिनी वतनदारांना परत मिळाल्या, पण नव्या शर्तीवर. विकायची तर कलेक्टरची परवानगी आणि नजराणा. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ असं दिसतं ते यामुळे. परवानगी न घेता, साध्या स्टँपवर, अडल्या वेळी मिळेल त्या रकमेला यातल्या कितीतरी जमिनी हातच्या गेल्या. त्या घरातली शिकलेली पोरं आता विचारतात, ‘आज्यानं अंगठा दिला होता, पण परवानगीच नव्हती. व्यवहार टिकतो का?’ प्रश्न रास्त आहे. पण मधल्या काळात त्या जमिनीवर चार मजले चढलेले असतात आणि कोर्टाची पायरी चढायला घरात पैसा नसतो. या पट्ट्यात सगळ्यात मोठा अन्याय कोणावर झाला असं मला कोणी विचारलं, तर मी या घरांकडे बोट दाखवीन.

मग आला नोटिशीचा काळ. आमच्याकडे शाळेत न गेलेला म्हातारासुद्धा ‘बत्तीस-दोन’ आणि ‘बत्तीस-एक’ बोलतो. एमआयडीसी कायद्याच्या कलम 32(2) ची नोटीस म्हणजे तुमची जमीन का घेऊ नये ते सांगा. 32(1) ची अधिसूचना राजपत्रात छापून आली की जमीन शासनाची होते, पैसे हातात पडले असोत की नसोत. खराबवाडी, महाळुंगे, निघोजे, सावरदरी, वराळे, भांबोली, खालुंब्रे या गावांतून चाकणचे टप्पे पडत गेले तशी माणसं ही नोटीस घेऊन येत. ती आलेली असताना विचारायला येणारे थोडे. बाकीचे यायचे चेक वटल्यावर: ‘पैसे उचलले, आता वाढवून मागता येतील का?’ दर संमतीनं ठरवून घेतला असेल तर ती वाट बहुधा बंद झालेली असते. निवाडा कलेक्टरनं केला असेल तर ठरावीक मुदतीत कोर्टाकडे संदर्भ मागता येतो, आणि पैसे घेताना ‘हरकत राखून’ एवढे शब्द लिहिलेले असले तर जीव भांड्यात पडतो. दोन शब्दांवर लाखांचा फरक मी पाहिला आहे.

पिंपरीकडच्या लोकांचा प्रश्न प्राधिकरणाचा. 1972 साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण झालं आणि निगडी, आकुर्डी, भोसरी, वाकड, मोशी अशा गावांच्या जमिनी गेल्या. पुढे साडेबारा टक्के परताव्याचं धोरण आलं, पण 1972 ते 1983 मध्ये ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचा परतावा दशकानुदशकं रखडला. मूळ खातेदार अर्ज करता करता वारले, मुलं थकली, आता नातू फाइल घेऊन येतात. 2021 साली प्राधिकरणच विसर्जित होऊन त्याचा कारभार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) आणि महापालिकेकडे गेला, तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘ताई, आता अर्ज कोणाकडं द्यायचा?’

पैसा आला आणि घरातला प्रश्न उभा राहिला: बहिणींचा. यावर जरा थांबून लिहिते, कारण याच कामात माझी सर्वांत जास्त वर्षं गेली.

भाऊ यायचे ते ‘बहिणींची सही कशी घ्यायची’ हे विचारायला. बहिणीचा हक्क आहे का, असा प्रश्नच नसायचा. 1956 पासून वडिलांच्या स्वतःच्या वाट्यात मुलीला हिस्सा होता, हे बहुतेकांच्या गावीही नव्हतं. मग महाराष्ट्रानं देशाच्या आधी पाऊल टाकलं. 22 जून 1994 पासून मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच सहदायाद झाली, मात्र त्या तारखेच्या आधी लग्न झालेल्या मुली वगळून. माझ्या टेबलावर त्यामुळे लग्नपत्रिका येऊ लागल्या. हळदीचा डाग पडलेली, गणपतीच्या चित्राची पत्रिका हा पुराव्याचा कागद झाला. एकाच घरात मे 1994 मध्ये बोहल्यावर चढलेली थोरली बाहेर आणि डिसेंबरात लग्न झालेली धाकटी आत. 9 सप्टेंबर 2005 ला केंद्राची दुरुस्ती आली आणि लग्नाची अट गेली. 2015 साली सुप्रीम कोर्टानं प्रकाश विरुद्ध फुलवतीच्या निकालात म्हटलं की त्या तारखेला वडील हयात हवेत. मग पत्रिका मागे पडल्या आणि मृत्यूचे दाखले पुढे आले. 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्माच्या निकालानं तीही अट काढली. मुलीचा हक्क जन्मानंच, वडील कधीही वारलेले असोत. फक्त 20 डिसेंबर 2004 च्या आधी झालेली विक्री आणि रीतसर वाटप यांना हात लागत नाही.

कायदा चार वेळा फिरला, पण दुय्यम निबंधकाच्या कचेरीतलं दृश्य फारसं बदललेलं नाही. गाडी भरून बहिणी येतात, वहिनीनं घेतलेल्या साड्या नेसलेल्या असतात, हक्कसोडपत्र आधीच टाइप झालेलं असतं. बाई बोट मशीनवर ठेवते, फोटोसाठी पदर सारखा करते आणि जिना उतरल्यावर हळूच मला गाठते: ‘मॅडम, मी सही कशावर केली?’ नोंदलेलं हक्कसोडपत्र मोडायचं तर फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो, आणि सख्ख्या भावाविरुद्ध तशी साक्ष द्यायला बाई धजत नाही. माहेर तुटेल ही भीती खोटी नाही. पण एकरभर जमिनीच्या मोबदल्यातून भावाचा बंगला होतो आणि बहिणीच्या पोराला कंपनीत ठेकेदाराकडे लावून देण्याचा शब्द मिळतो, याला मी राजीखुशीचा सौदा म्हणणार नाही.

कारखान्यांमागून मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून माणसं आली, त्यांच्या प्रश्नाचं नाव गुंठा. पगारातून फ्लॅट परवडत नव्हता. काळेवाडी, थेरगाव, रुपीनगर, चिखलीत गुंठा-अर्धा गुंठा परवडत होता. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे एवढ्या तुकड्याचं खरेदीखत व्हायला अडचण, म्हणून नोटरीपुढे साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि ताबापावती. सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचंच राहिलं. 2001 साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला, त्यानं काहींची सोय झाली. ऑक्टोबर 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की नुसत्या कुलमुखत्यारपत्रानं मालकी जात नाही. त्यानंतर आलेली माणसं मला आठवतात: वीस वर्षं घरपट्टी भरलेली, लाइटबिलाची फाइल छातीशी धरलेली. घरपट्टी हा मालकीचा पुरावा नाही, हे त्यांना सांगताना माझाच आवाज बसायचा.

गुंठ्याच्या या दुखण्याला देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवतीच्या, बांधकामाला बंदी असलेल्या रेड झोनची आणि नद्यांच्या निळ्या पूररेषेची जोड आहे. 17 मे 2025 ला चिखलीत इंद्रायणीच्या पूररेषेतले 36 बंगले महापालिकेनं पाडले. त्यामागे हरित लवादाचा आदेश होता, सुप्रीम कोर्टानंही दिलासा दिला नव्हता. पुढचे कित्येक दिवस माझा फोन एकाच प्रश्नानं वाजत होता: ‘आमचा प्लॉट कुठल्या रेषेत येतो?’ हा प्रश्न विसार देण्याआधी विचारायचा असतो. विकास आराखडा महापालिकेत बघायला मिळतो.

नोकरीचे प्रश्न पूर्वी कायम कामगारांचे असत: निलंबन, चौकशी, युनियनची मान्यता. 1989 साली राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले, तेव्हाच्या लढ्यातला माणूस पे-रोलवरचा होता. आज माझ्यासमोर बसतो तो पोरगा विचारतो, ‘240 दिवस भरले, परमनंट करावंच लागेल ना?’ महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत तसं कलम होतं, म्हणून तर सात महिन्यांवर ब्रेक द्यायची रीत या पट्ट्यात पडली. महिन्याला 26 हजेऱ्या धरल्या तर 182 होतात. त्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या मी टेबलावर ओळीनं मांडते: मशीन तेच, गेट तेच, वरचं ठेकेदाराचं नाव तेवढं दर वेळी वेगळं. 30 ऑगस्ट 2001 च्या स्टील अथॉरिटीच्या निकालापासून कंत्राटी कामगार आपोआप मूळ कंपनीचा होत नाही. कंत्राट नावापुरतं होतं हे त्यालाच सिद्ध करावं लागतं. 21 नोव्हेंबर 2025 ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या. आधी आपल्याकडे 50 कामगारांच्या कारखान्याला स्थायी आदेश लागू व्हायचे, संहितेत तो आकडा 300 आहे. भोसरीतले कितीतरी कारखाने त्याच्या खाली येतात.

आणि एक प्रश्न बायका विचारतात, नवऱ्याचा हात पट्टीत असताना: ‘बोटं गेली, किती मिळतील?’ पॉवर प्रेसवर बोटं जाणं इथे नवं नाही. 1923 च्या भरपाईच्या कायद्यानं त्याचं कोष्टकच दिलं: अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के गेली, पूर्ण तर्जनीला 14, मधल्या बोटाला 12. ईएसआयचं कार्ड असेल तर हक्क ईएसआयकडे, नसेल तर मालकाकडे. माझा पहिला प्रश्न असतो, अपघाताची नोंद कंपनीच्या रजिस्टरात झाली का? ‘साहेब म्हणाले खाजगीत दाखवू, सगळा खर्च करू,’ असं उत्तर आलं की पुढची लढाई अवघड, हे मला तिथेच कळतं. मोहननगरच्या ईएसआय हॉस्पिटलमधला पहिल्या दिवसाचा केसपेपर अशा वेळी सोन्याच्या मोलाचा ठरतो.

भाडेकरार, बुडालेलं डिपॉझिट, न वटलेला चेक हे रोजचं काम आहे. चेक परत आल्याच्या मेमोपासून तीस दिवसांत नोटीस गेली पाहिजे, एवढं भोसरीतल्या प्रत्येक छोट्या जॉबवर्कवाल्यानं लक्षात ठेवावं.

एक गोष्ट मात्र पक्षकारांना मी स्वतःहून सांगते, कारण ती विचारायला कोणी येत नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीतली माणसं आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी खर्चानं वकील मिळतो. हक्कसोडपत्रावर बोट ठेवायला निघालेली बहीण, वतनाची जमीन गमावलेलं घर आणि ब्रेक मिळालेला पोरगा, तिघंही त्यात बसतात. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते आणि फोन 15100 आहे. सही करण्याच्या आदल्या दिवशी लावा.