शब्दांची जात

शाळेत आपण सर्वांनी शब्दांच्या आठ जाती घोकल्या आहेत : नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद वगैरे. यास्काच्या निरुक्तात त्या चारच होत्या. आठांचा हा संसार इंग्रजी व्याकरणावरून आपल्याकडे आला आणि मराठीत तो रुळवण्याचे मोठे श्रेय मुंबईच्या खेतवाडीत १८१४ साली जन्मलेल्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांकडे जाते. त्यांचे मराठी व्याकरण १८३६ साली निघाले.

गंमत अशी, की जिच्याकडून आपण ह्या जाती घेतल्या, ती इंग्रजी स्वतः जातीच्या बाबतीत मोठी बेफिकीर! 'राउंड' हा एकच शब्द घ्या. गोल वस्तूला लावला की विशेषण, पहारेकऱ्याच्या फेरीला लावला की नाम, वळसा घालायला निघाला की क्रियापद. रूप तेच, बदलते ती वाक्यातली जागा. प्राचीन इंग्रजीत मात्र आपल्यासारखेच प्रत्यय होते. प्रेम या अर्थाचे नाम 'लुफु', तर क्रियापद 'लुफियान'. पुढे कित्येक शतकांत शब्दांची शेपटे झिजली आणि दोहोंचेही 'लव्ह' झाले!

मराठीने प्रत्यय जपले. म्हणून इंग्रजी पाहुण्याला आपण सहसा एकट्याने क्रियापद होऊ देत नाही. दादरचा मुलगा परीक्षेत 'पास होतो', साहेब बिल 'पास करतो', आणि लोकलचा 'पास' खिशात असतो. क्रियेचे ओझे वाहतात ते 'होणे' आणि 'करणे'.

तरी आपलेही शब्द कामाप्रमाणे जात बदलतातच. लालबाग-परळच्या गिरण्यांतला 'बदली' पाहा. मूळचे हे नाम. 'बदली कामगार' म्हणताना ते विशेषण झाले आणि शेवटी, गैरहजर माणसाच्या साच्यावर एखादी पाळी मिळेल या आशेने गिरणीच्या दाराशी उभा राहणारा माणूसच 'बदली' म्हणवला जाऊ लागला. त्या गिरण्यांचे भोंगे आता थांबले आहेत.

शब्दाची जात ठरते ती त्याच्या कामावरून. हे मनात आले, की मला दादोबांचे दुसरे कार्य आठवते. त्यांच्याच प्रेरणेने १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली. माणसामाणसांतला जातिभेद मोडावा, हा तिचा हेतू. सभासद होणाऱ्याला पाव खाऊन आपला निश्चय सिद्ध करावा लागे, कारण त्या काळी एवढ्यानेही माणूस वाळीत पडे. सारा कारभार गुप्त. १८६०च्या सुमारास सभासदांची नावे फुटली आणि सभा मोडली.

वाचकहो, जी गोष्ट व्याकरणाच्या तासाला पोरेसुद्धा बिनतक्रार मान्य करतात, तीच माणसांविषयी बोलण्यासाठी आपल्या पहिल्या वैयाकरणांपैकी एकाला दारे लावून घ्यावी लागली!