मल्लिकार्जुन खर्गे : गुरमिटकल ते संसदेतील पक्षनेतेपद

मल्लिकार्जुन खर्गे यांचा जन्म २१ जुलै १९४२ रोजी तत्कालीन हैदराबाद संस्थानातील बिदर जिल्ह्यात, वरवट्टी या गावी झाला. लहानपणीच रझाकारांच्या हिंसाचारात त्यांच्या आईचा मृत्यू झाला. वडील त्यांना घेऊन गुलबर्ग्याला (आजचे कलबुर्गी) आले. तिथेच शिक्षण, वकिली आणि गिरणी कामगारांच्या संघटनेचे काम झाले. १९६९ मध्ये ते काँग्रेसमध्ये आले.

१९७२ मध्ये ते गुरमिटकलमधून पहिल्यांदा आमदार झाले आणि २००८ पर्यंत सलग नऊ वेळा विधानसभेवर निवडून गेले. मुख्यमंत्रिपदासाठी त्यांचे नाव अनेकदा पुढे आले. पद मात्र प्रत्येक वेळी दुसऱ्याकडे गेले. २००९ मध्ये ते गुलबर्ग्याचे खासदार झाले. पुढे केंद्रात कामगार आणि रेल्वे खाते त्यांनी सांभाळले. बौद्ध धम्माचे अनुयायी असलेल्या खर्गे यांच्या पुढाकारातून गुलबर्ग्यात भव्य बुद्ध विहार उभे राहिले. २००९ मध्येच तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

४४ खासदारांचा नेता

२०१४ मध्ये लोकसभेत काँग्रेसचे अवघे ४४ खासदार उरले. त्या पडत्या काळात पक्षाने लोकसभेतील नेतेपद खर्गे यांच्याकडे दिले. मात्र विरोधी पक्षनेतेपदासाठी एकदशांश, म्हणजे ५५ सदस्य हवेत, या संकेतावर बोट ठेवून लोकसभाध्यक्षांनी ती मान्यता नाकारली. १९७७ च्या कायद्यात ही संख्येची अट नाही. त्यात विरोधातील सर्वांत मोठ्या पक्षाचा नेता आणि अध्यक्षांची मान्यता, एवढेच म्हटले आहे.

हा प्रश्न केवळ मानाचा नव्हता. लोकपालाच्या निवड समितीत विरोधी पक्षनेत्याला स्थान असते. खर्गे यांना तिथे ‘विशेष निमंत्रित’ म्हणून बोलावले गेले. मताचा अधिकार नसलेल्या त्या बैठकांना जायला त्यांनी नकार दिला. सीबीआय संचालकांच्या निवड समितीत मात्र कायद्यातील दुरुस्तीमुळे ते सदस्य होते. जानेवारी २०१९ मध्ये आलोक वर्मा यांना हटवण्याच्या निर्णयाला त्यांनी तिथे लेखी विरोध नोंदवला.

पराभवानंतर

२०१९ मध्ये ते लोकसभेला हरले. २०२० मध्ये राज्यसभेवर गेले आणि १६ फेब्रुवारी २०२१ पासून तिथले विरोधी पक्षनेते झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये पक्षाध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांना ७,८९७, तर शशी थरूर यांना १,०७२ मते पडली. जगजीवन राम यांच्यानंतर सुमारे पाच दशकांनी दलित समाजातील नेता काँग्रेसचा अध्यक्ष झाला.

काँग्रेसच्या राजकारणाशी आपण सहमत असू वा नसू, या प्रवासातून दोन गोष्टी घ्याव्यात. पद मिळणे आणि निर्णयाचा अधिकार मिळणे या वेगळ्या बाबी आहेत. पक्ष सत्तेत असताना आपल्या माणसाला कोणती जागा मिळते, हे विचारलेच पाहिजे. दुसरे, सभागृहात कायदा आणि नियम माहीत असलेल्याचाच विरोध कागदावर उरतो. चळवळीतल्या तरुणांनी राज्यघटनेबरोबर संसदेचे नियमही वाचावेत, ते यासाठीच.