बंब कधी ट्रिप झाला नाही!

परवा महाडला घरी गेलो तर आईची तक्रार तयारच होती. "गिझर आपला आपण बंद पडतो. वायरमन म्हणाला, आतला कटआउट काढून डायरेक्ट करून देतो." म्हटलं, थांब! त्या कटआउटमागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

आमच्याकडे पूर्वी तांब्याचा बंब होता. मधल्या नळकांड्यात लाकडं नाहीतर करवंट्या, भोवती पाणी. आजीचा एकच दम असायचा, "पाणी घातल्याशिवाय जाळ करू नकोस, सांधे सुटतील." बाकी कसली भीती नाही. बंबाचं तोंड उघडं, त्यामुळे पाणी १०० अंशांला उकळणार आणि वाफ निघून जाणार. विषय संपला.

गोची झाली ती भांडं बंद केल्यावर. पाण्याची वाफ झाली की तिला साधारण १६०० पट जागा लागते. ती नाही मिळाली तर भांडं फुटणार. डेनिस पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ साली हाडं शिजवायचं बंद भांडं दाखवलं (आपल्या कुकरचा खापरपणजोबा!). पुढे त्यावर वजनाने दाबलेला सेफ्टी व्हॉल्व्हही त्यानेच बसवला.

पण व्हॉल्व्ह असून भागत नाही. १८०३ साली लंडनजवळ ग्रीनिचला रिचर्ड ट्रेविथिकचा बॉयलर फुटला आणि चार माणसं गेली. राखणीचा पोऱ्या मासे धरायला गेला होता म्हणे! ट्रेविथिकने धडा घेतला. एकाऐवजी दोन व्हॉल्व्ह लावले आणि भट्टीच्या वरच्या पत्र्यात शिशाचं बूच बसवलं. पाणी कमी झालं की शिसं वितळणार, वाफ भट्टीत शिरून जाळ विझणार. कोणी लक्ष देवो न देवो.

आपल्याकडे १८६३ साली कलकत्त्याला बॉयलर फुटून माणसं गेली, तेव्हा बंगालात कायदा झाला. अख्ख्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी बॉयलर कायदा यायला मात्र १९२३ साल उजाडलं.

गिझरमधला कटआउट हा त्या शिशाच्या बुचाचाच नातू. रोजचं तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो. तो चिकटून बसला की कटआउट वीज तोडतो. तेही हुकलं तर शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह. बंद पडताना पाणी कढत असेल तर संशय थर्मोस्टॅटवर. कोमटच असेल तर बहुधा कॉइलवर क्षार बसलेत. आमच्याकडे दुसरा प्रकार निघाला. मेन स्विच बंद करून मेकॅनिककडून उघडवला, तर कॉइलवर चांगला बोटभर पांढरा थर! कॉइल साफ केली, व्हॉल्व्ह तपासून घेतला, कटआउट जागेवरच ठेवला. डायरेक्ट करणं म्हणजे त्या पोऱ्याला परत मासे धरायला पाठवणं.

आई म्हणाली, "त्यापेक्षा बंबच बरा होता." तिचंही खरं आहे. जुलै २०२१ च्या पुरानंतर गावात लाइट नव्हती, तेव्हा माळ्यावरचा बंबच खाली काढला होता. घरातला चिखल धुऊन झाल्यावर सगळ्यांच्या आंघोळी त्यावरच झाल्या.

असो. तुमच्या माळ्यावर आहे का अजून बंब? असला तर मोडीत काढू नका.