मधुमेह आणि मधल्या वेळचे खाणे

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. साखर वर्ज्य केली की पथ्य पूर्ण झाले, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात रक्तातील साखर सर्वाधिक वाढते ती कर्बोदकांमुळे, आणि ती गोड नसलेल्या पदार्थांतही भरपूर असतात.

साबुदाणा हे याचे ठळक उदाहरण. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून अधिक कर्बोदके असून प्रथिने नाममात्र असतात. कुरमुरे, पोहे, टोस्ट आणि मैद्याची बिस्किटेही पिष्टमयच होत. ‘साखरविरहित’ अशा लेबलामुळे पिठातील कर्बोदके नाहीशी होत नाहीत. फळांच्या रसातही साखर राहते, चोथा मात्र निघून जातो.

पर्याय स्वयंपाकघरातच सापडतात. उकडलेल्या अंड्यात एक ग्रॅमहून कमी कर्बोदके आणि सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. पनीर, बिनसाखरेचे ताक, काकडी आणि कोशिंबीर हेही उपयुक्त. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत २० ग्रॅमहून कमी कर्बोदके असली, तरी उष्मांक साडेपाचशेच्या आसपास असल्याने लहानशी मूठ पुरेशी ठरते. फुटाण्यांत आणि मोड आलेल्या मटकीत कर्बोदके असतात. परंतु तंतू व प्रथिनांमुळे साखर सावकाश वाढते. म्हणून तेही बेतानेच खावेत.

मात्र आहारातील कर्बोदके एकाएकी कमी करणे धोक्याचे ठरू शकते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्यांची साखर त्यामुळे फार खाली उतरू शकते. घाम, थरथर, धडधड ही त्याची लक्षणे. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास आणि रुग्ण शुद्धीवर असल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी. अशा वेळी शेंगदाणे किंवा पनीर उपयोगी पडत नाही. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडावाटे काहीही न देता तातडीने रुग्णालयात न्यावे.

एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या गटातील औषधे घेणाऱ्यांनी कर्बोदके अत्यल्प ठेवल्यास रक्तात आम्लता वाढण्याचा धोका असतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिनांचे प्रमाण विचारूनच ठरवावे. गरोदर स्त्रियांनीही स्वतःहून पथ्य बदलू नये.

ताटातील बदल आणि औषधाची मात्रा यांचा निर्णय एकत्रच व्हायला हवा. त्यासाठी आधी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे.