जपाकुसुमाचे गणगोत

तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागला की आम्ही मुले नवग्रहस्तोत्र म्हणायला बसत असू. पहिला श्लोक सूर्याचा, आणि त्यात सूर्याला उपमा दिली आहे ती जपाकुसुमाची. ‘जपा म्हणजे काय?’ असे धाकट्याने विचारले, की आजी बोलत नसे. नुसते बोट परसाकडे करी. तिथे न्हाणीच्या मोरीशी आमची जास्वंद उभी असे. पाच पाकळ्यांची, साधी, लालभडक. सकाळी उमलायची आणि संध्याकाळी मिटून जायची. सूर्याशी तिचे नाते जोडणाऱ्याने तिला नीट पाहिले होते, एवढे त्या वयातही कळले.

आमचे वडनेर भोलजी बुलढाणा जिल्ह्यात असले तरी बुलढाण्याचा गारवा आमच्या वाट्याला आलेला नाही. या जिल्ह्याचे दोन भाग. एक घाटावरचा, दुसरा घाटाखालचा. आम्ही घाटाखालचे. मलकापूरहून नांदुऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे हे गाव. चहूकडे काळी कपाशीची जमीन. वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि त्याच जमिनीत श्रावणात चिखल घोट्याच्या वर येतो. अशा ठिकाणी फुलझाड लावणे म्हणजे एक प्रकारचे व्रतच. तरीही जुन्या घराच्या परसात एक तरी जास्वंद असायचीच. ती इथे आली कुठून आणि टिकली कशी, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळीत होता.

जपा हे नाव जुने आहे. कालिदासाच्या मेघदूतात उज्जयिनीच्या महाकालापाशी पोचलेल्या मेघावर सांजेची लाली पसरते, आणि त्या लालीला कवीने ताज्या जपापुष्पाची उपमा दिली आहे. हा मेघ निघाला तो रामगिरीहून. रामगिरी म्हणजे आपले विदर्भातले रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. म्हणजे जपेचा रंग पाहण्याआधी तो मेघ विदर्भाच्या आकाशातूनच निघाला होता, असे म्हणायला हरकत नाही.

यानंतरचा मुक्काम कोचीचा. सतराव्या शतकात तिथे डचांचा अंमल होता. हेन्द्रिक व्हान ऱ्हेडे नावाच्या त्यांच्या अधिकाऱ्याने मलबारातल्या वनस्पतींचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. 1678 पासून 1693 पर्यंत त्याचे बारा खंड ॲम्स्टरडॅमला छापले गेले. या कामात इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचा वाटा फार मोठा. आणि त्याच्याबरोबरच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांचाही. या तिघांचे 1675 सालचे साक्षपत्र ग्रंथाच्या पहिल्या खंडात नागरी अक्षरात छापलेले आहे. वाचकहो, युरोपातल्या छापखान्यात आपली लिपी उमटल्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत ते मोडते. फुलापानांच्या निमित्ताने ती तिथे पोचली, ही गोष्ट मला मोठी गोड वाटते.

त्या ग्रंथात आपली जास्वंद आहे. तिथे तिचे नाव मल्याळी आहे, चेंपरत्ती. तमिळमध्येही जवळजवळ हेच नाव चालते. ‘चेम्’ म्हणजे तांबडे आणि ‘परुत्ती’ म्हणजे कापूस. जास्वंद म्हणजे तांबडी कपाशी! पुढे 1753 साली स्वीडनच्या लिनियसने सगळ्या वनस्पतींना दोन-दोन शब्दांची नावे दिली, तेव्हा जास्वंदीला चीनचा गुलाब ठरवून टाकले. पण ती गुलाबही नाही, आणि चीनमध्येही ती रानात आपोआप उगवलेली कुणी पाहिली नाही. मलबारच्या माणसाने मात्र फूल पाहताच तिचे खरे कुळ ओळखले होते.

आपल्या शेतावर जाऊन पाहा. कपाशीचे पिवळे फूल, भेंडीचे फूल, अंबाडीचे फूल आणि जास्वंद ही चारही एका ओळीत मांडा. पाच पाकळ्या, आणि मधोमध पुंकेसरांची एक नळी. मुखवटा सगळ्यांचा एकच. सख्ख्या आणि चुलत बहिणीच त्या. एक देवघरात गेली, एक स्वयंपाकघरात, एक दोरखंडात आणि एक बाजारात.

बाजारात गेली तिनेच वऱ्हाडचा इतिहास घडवला. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे तोंड वळवले. आगगाडी 1867 साली नागपूरला पोचली. आमच्या शेजारच्या खामगावच्या कापूसबाजाराचे महत्त्व एवढे, की जलंबहून आठ मैलांचा खास फाटा टाकला गेला आणि 1870 साली स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आला.

त्या गाड्यांतून गेला तो आपला देशी कापूस. आखूड धाग्याचा, पण खोल मुळांचा आणि उन्हाला न भिणारा. पुढे लांब धाग्याची अमेरिकन बहीण आली. 1970 साली सुरतेत डॉ. सी. टी. पटेल यांनी संकरित कपाशी दिली, 2002 साली बीटी आली, आणि देशी कपाशी शेतातून जवळजवळ उठून गेली. पिकाचे उत्पन्न वाढले, हे खरे. पण पूर्वी शेतकरी घरचीच सरकी पुढच्या पेऱ्याला राखून ठेवी. आता दर मृगाला पिशवी विकत आणावी लागते. या फरकाकडे पुन्हा यायचे आहे.

अंबाडीची कथा निराळी. तिचे मूळ आफ्रिकेत. पण आता तिला परकी कोण म्हणेल? शेताच्या कडेने तिची ओळ असायची. कोवळा पाला भाजीला. तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाची फोडणी दिलेली अंबाडीची भाजी ज्याने खाल्ली नाही, त्याने वऱ्हाड पाहिला नाही. झाड वाढले की ताटे पाण्यात कुजवून वाख काढायचा. पोळ्याच्या आधी त्याचेच कासरे आणि वेसणी वळल्या जात. 1947 साली फाळणी झाली तेव्हा तागाची बहुतेक शेते पूर्व पाकिस्तानात गेली आणि गिरण्या कलकत्त्याला राहिल्या. त्या अडचणीत देशाला याच कुळाच्या वाखाचा आधार घ्यावा लागला.

सगळ्यांत धाकटी आणि लाडकी ती जास्वंद. जगानेही तिला मान दिला. मलायाने, म्हणजे आजच्या मलेशियाने, 1960 साली तिला राष्ट्रीय फूल केले. तिची एक अमेरिकन बहीण दलदलीत राहते. ताटाएवढी फुले देते, थंडीत जमिनीसरशी मरते आणि वसंतात पुन्हा फुटते. तिकडे काटक म्हणजे थंडीला पुरून उरणारी. आमच्याकडे हिवाळा हा फुलांचा जिव्हाळ्याचा मित्र; परीक्षा घेतो तो वैशाख.

त्या परीक्षेला बसायचे तर आजीचा अभ्यासक्रम उत्तम होता. जास्वंद लावावी पूर्वेच्या बाजूला, म्हणजे सकाळचे ऊन मिळते आणि दुपारी घराची किंवा लिंबाची सावली पडते. काळ्या मातीत मुरूम आणि शेणखत मिसळावे. नुसत्या काळ्या मातीत भेगा पडल्या की मुळे तुटतात आणि पावसात कुजतात. आळ्यात तुरीचे कुटार पसरावे, म्हणजे ओल उडत नाही. पाणी सांजेला द्यावे. कडक उन्हात कळ्या गळतात, तेव्हा घाबरून खत घालू नये. मृगाचा पाऊस येईपर्यंत झाडाला नुसते जगू द्यावे. पूर्णेकाठच्या खारपाण पट्ट्यात विहिरीचे पाणी खारट, त्याने पानांच्या कडा करपतात. तिथे पागोळ्यांचे पाणी साठवून द्यावे. पिठ्या ढेकूण दिसला तर ती फांदीच छाटून जाळावी. 2005 च्या सुमारास या किडीची एक नवी जात कपाशीवर उतरली, तेव्हा तिने जास्वंदीलाही सोडले नाही. बहिणींची दुखणीही एकच!

1972 च्या दुष्काळात विहिरी आटल्या. आजी भांडी विसळलेले आणि हात धुतलेले पाणी जास्वंदीला घाली. देवाच्या झाडाला खरकटे पाणी, म्हणून कुणी नाक मुरडले. आजी म्हणाली, “थे का इचारते, पानी कोठचं हाय म्हनून?” झाड जगले. ही जास्वंद तिने लग्न होऊन येताना माहेराहून आणली होती. ओल्या फडक्यात गुंडाळलेली वीतभर फांदी, दमणीत मांडीवर धरून.

आजी गेली, आणि पुढे काही वर्षांनी आमच्याच हलगर्जीपणाने एका उन्हाळ्यात ते झाड वाळले. आम्ही लग्नाला परगावी गेलो होतो; परत आलो तो काड्या उभ्या होत्या. रोपवाटिकेतून दुहेरी पाकळ्यांची, शेंदरी रंगाची नवी जास्वंद आणली. सुंदर होती, पण आईने ती देवाला वाहताना एकदा माझ्याकडे पाहिले, आणि मला मान वर करवेना.

श्रावणात मागच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या बाई घरी आल्या. म्हणाल्या, “तुझ्या आजीनं माझ्या पोरीच्या बारशाले एक फांदी देल्ली होती. पाह्यतं का?” त्यांच्या परसात ती उभी होती. पाच पाकळ्यांची, साधी, लालभडक.

जास्वंदीला आपल्याकडे बी क्वचितच धरते. ती फांदीनेच वाढते. म्हणून ती आजीच्या झाडाची लेक नव्हती, ते आजीचेच झाड होते. जपून ठेवलेले गेले होते; वाटून टाकलेले तेवढे उरले होते. कपाशीचे बी आता पिशवीतून येते, पण जास्वंद अजून हातातून हातात जाते. वीतभर फांदी मी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि मोरीशी लावली.

यंदा दिवाळीत तिला फुले आहेत. श्रावणात चार घरी चार फांद्या देऊन झाल्या आहेत.