आत्मा कुणाला असतो?

काही नावे ऐकताच माणसाला हसू येते. 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' हे त्यांपैकी एक. बफी हे एखाद्या लाडावलेल्या मुलीला शोभणारे नाव. आणि तिचे काम काय, तर रक्त पिणाऱ्या पिशाच्चांचा नायनाट! १० मार्च १९९७ रोजी अमेरिकेत ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली आणि २० मे २००३ रोजी संपली. सात पर्वे, १४४ भाग. अशा मालिका येतात आणि जातात. ही मात्र पडद्यावरून गेली तरी विद्यापीठांतून गेली नाही. तत्त्वज्ञान, भाषाशास्त्र, स्त्री-अभ्यास, माध्यमविद्या अशा निरनिराळ्या विषयांच्या प्राध्यापकांनी तिच्यावर निबंध लिहिले, ग्रंथ काढले, परिषदा भरवल्या. या अभ्यासाला 'बफी स्टडीज' असे नावच पडले. भुताखेतांच्या मालिकेत या शहाण्या मंडळींना काय सापडले, ते आज सांगायचे आहे.

आधी गोष्ट थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियात सनीडेल नावाचे एक काल्पनिक गाव आहे. तिथल्या हायस्कूलच्या खाली नरकाचे तोंड आहे. प्रत्येक पिढीत एका मुलीला पिशाच्चांशी लढण्याची ताकद मिळते. या पिढीत ती बफीच्या वाट्याला आली आहे. दिवसा ती वर्गात बसते आणि रात्री दफनभूमीत गस्त घालते. मालिकेचे जनक जॉस व्हेडन. भयपटांत सोनेरी केसांची एक मुलगी अंधाऱ्या गल्लीत शिरते आणि हमखास मारली जाते. व्हेडन यांनी हे उलटे करायचे ठरवले. मुलगी गल्लीत शिरेल, आणि मरेल तो राक्षस!

या मालिकेतली भुते बहुतेक वेळा वयात येणाऱ्या मुलांची दुःखे असतात. पहिल्याच पर्वात एक मुलगी आहे. शाळेत तिच्याकडे कुणाचेच लक्ष जात नाही. होता होता ती खरोखरच अदृश्य होते. 'मी कुणाला दिसतच नाही' हे आपण सहज बोलून जातो. इथे ते शब्दशः खरे होते आणि त्यातून गोष्ट जन्माला येते. कवितेत प्रतिमा हेच काम करते, म्हणून माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्याला ही रीत परकी वाटत नाही.

आता अभ्यासाचा इतिहास. २००१ साली रॉझ केव्हनी यांनी संपादित केलेला 'रीडिंग द व्हॅम्पायर स्लेयर' हा निबंधसंग्रह आला. त्याच सुमारास अमेरिकेत ऱ्होंडा विलकॉक्स आणि डेव्हिड लॅव्हरी हे दोन प्राध्यापक असाच एक ग्रंथ जुळवत होते. त्यांच्याकडे लेखांचे इतके प्रस्ताव आले की ते एका ग्रंथात मावेनात. तेव्हा त्यांनी २००१ मध्ये एक नियतकालिकच सुरू केले. नाव ठेवले 'स्लेएज'. 'स्ले' म्हणजे ठार करणे. त्याला 'एज' हा प्रत्यय लावून मालिकेतल्या पोरांनी बनवलेला हा शब्द. पंडितांनी आपल्या नियतकालिकाला पोरांच्या बोलीतले नाव दिले, हे मला फार आवडते. २००२ मध्ये त्यांचा 'फायटिंग द फोर्सेस' हा ग्रंथ आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात परिषद भरली. २००३ मध्ये भाषाशास्त्रज्ञ मायकेल ॲडम्स यांनी या मालिकेतल्या बोलीचा अभ्यास आणि कोश सिद्ध केला; तो प्रसिद्ध केला ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने. २००४ मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरी आणखी एक परिषद झाली. २०१२ साली 'स्लेट' या नियतकालिकाने लोकप्रिय चित्रपट-मालिकांवरच्या विद्वत्तापूर्ण लेखनाची मोजदाद केली, तेव्हा बफीवरचे लेखन दोनशेच्या पुढे गेलेले होते आणि तिचा क्रमांक पहिला होता.

यावर टीका झालीच. प्राध्यापकांना दुसरे काम नाही का, असे विचारले गेले. आपल्याकडेही ओव्या, उखाणे, जात्यावरची गाणी हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे दुर्गाबाई भागवतांसारख्यांना आधी पटवून द्यावे लागले. लोक जे मन लावून ऐकतात, पाहतात, त्यात काहीतरी असते. ते काय आहे हे शोधणे हे विद्वानांचेच काम आहे.

दोन भागांवर अभ्यासकांनी विशेष लिहिले आहे. पहिला 'हश', डिसेंबर १९९९ मधला. काही भुते येऊन साऱ्या गावाचा आवाज चोरून नेतात. भागाचा बराचसा काळ कुणी एक शब्द बोलत नाही. गंमत अशी की आवाज गेल्यावरच माणसे एकमेकांना मनातले कळवू लागतात. दुसरा 'द बॉडी', फेब्रुवारी २००१ मधला. बफीची आई घरातल्या कोचावर मरून पडलेली आहे. तिला कुणा पिशाच्चाने मारलेले नाही. ती आजारपणाने गेली. या भागाला पार्श्वसंगीत नाही. जगाला अनेकदा वाचवणारी मुलगी आईच्या मृत्यूपुढे काही करू शकत नाही. अद्भुताच्या मालिकेने अद्भुताची मर्यादा इतक्या साधेपणाने दाखवली.

पण तत्त्वज्ञांना सर्वांत जास्त ओढले ते आत्म्याच्या प्रश्नाने. मालिकेचा नियम असा की, माणसाचे पिशाच्च झाले की त्याचा आत्मा जातो. देह तोच, आठवणी त्याच. पण सदसद्विवेक नाही. म्हणून त्याला मारण्यात पाप नाही. नियम सोपा आहे. मग मालिका स्वतःच तो अवघड करत जाते. एंजल नावाच्या पिशाच्चाला शापाने आत्मा परत मिळतो, आणि केलेल्या कृत्यांच्या पश्चात्तापाने तो पोळत राहतो. स्पाइक नावाच्या दुसऱ्या पिशाच्चाच्या डोक्यात सरकारी शास्त्रज्ञ एक चिप बसवतात. माणसाला इजा करायला गेला की त्याचेच डोके ठणकते. आता तो कुणाला मारत नाही, पण म्हणून त्याला चांगला म्हणायचे का? भीतीने आवरलेला हात आणि स्वतःहून आवरलेला हात यांत फरक आहे, हे कान्ट वाचलेल्याला सांगायला नको. पण पुढे हाच स्पाइक आत्मा नसताना, आपण होऊन, आत्मा मिळवायला निघतो आणि त्यासाठी यातना सोसतो. आत्माच नव्हता, तर ही इच्छा झाली कुणाला?

या प्रश्नाशी मी बराच वेळ थांबलो. कारण ज्याला मारायचे आहे, त्याला आत्मा नाही असे आधी ठरवावे लागते. इतिहासात हे माणसांच्या बाबतीत वारंवार झाले आहे. त्याने काय केले हे कुणी विचारत नाही, तो कोण आहे एवढेच विचारतात. आडनाव ऐकून समोरच्याचा चेहरा बदलतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा प्रश्न केवळ पुस्तकी वाटत नाही.

२००३ मध्ये जेम्स साउथ यांनी संपादित केलेला बफी आणि तत्त्वज्ञान या विषयावरचा निबंधसंग्रह आला. त्याच्या उपशीर्षकात 'भय आणि कंप' या किर्केगार्डच्या १८४३ मधल्या ग्रंथाचे नाव गुंफलेले आहे. किर्केगार्डच्या ग्रंथाचा विषय म्हणजे अब्राहामाने आपल्या मुलाचा बळी द्यायला निघणे. आमच्या घरी बकरी ईदला हीच गोष्ट सांगितली जाते. बायबलमध्ये बाप मुलाला काही सांगत नाही. कुराणात इब्राहीम आपले स्वप्न मुलाला सांगतात, त्याचे मत विचारतात, आणि मुलगा होकार देतो. मालिकेत हा पेच दोनदा येतो. १९९८ मध्ये, दुसऱ्या पर्वाच्या शेवटी, जग वाचवण्यासाठी बफी एंजलच्या देहात तलवार खुपसते. आणि ती त्याला आत्मा नुकताच परत मिळालेला असताना. मे २००१ मध्ये, पाचव्या पर्वाच्या शेवटी, तिची धाकटी बहीण डॉन मेली तरच जग वाचेल अशी वेळ येते. डॉन स्वतः उडी घ्यायला तयार असते. पण बफी तिचा होकार स्वीकारत नाही. तिच्याऐवजी स्वतः उडी घेते. दुसऱ्याचा बळी आणि स्वतःचा बळी यांतले अंतर तिला तीन वर्षांत उमगलेले असते.

अभ्यासकांनी नुसते कौतुकच केले असेही नाही. मुलींच्या सामर्थ्याची गोष्ट सांगणाऱ्या या मालिकेत कृष्णवर्णीय माणसे इतकी थोडी का, आणि जमैकाहून आलेली केंड्रा ही लढवय्यी मुलगी इतक्या लवकर मारली का जाते, हे प्रश्न त्यांनी विचारले. मग २०२१ मध्ये खुद्द मालिकेतल्या अभिनेत्री करिश्मा कार्पेंटर यांनी व्हेडन यांनी सत्तेचा गैरवापर करून आपल्याला छळल्याचा जाहीर आरोप केला. इतर काही सहकलाकारांनी त्यांना पाठिंबा दिला. व्हेडन यांनी २०२२ मध्ये छापून आलेल्या मुलाखतीत बरेचसे आरोप नाकारले. पण अभ्यासकांपुढे पेच उभा राहिला. त्यांच्या संस्थेच्या नावातच व्हेडन होते. त्यांनी ते नाव काढले आणि बफीचे ठेवले. अभ्यास थांबवला नाही. लेखनात आणि अभिनयात आणखी कितीतरी जणांचे श्रम होते, हे त्यांनी विसरू दिले नाही.

प्रेम करायचे आणि प्रश्नही विचारायचे, हे जमले तरच अभ्यास, एरवी ती नुसती भक्ती. रात्री जेवताना आपल्या घरीही कुठली तरी मालिका चालू असते, आणि तिच्यात कुणी तरी खलनायक असतो. त्याचा आत्मा कुणी आणि कधी काढून घेतला, एवढे एकदा घरातल्या मुलांना विचारून पाहावे. मुले उत्तर देतात, असा माझा अनुभव आहे.